भावाची उबवणी

माझ्या आत्याला एका जागी पडलेलं मी एकदाच पाहिलं आहे, आणि तेव्हा तिचा पाय प्लास्टरमध्ये होता. तेव्हासुद्धा ती दर तासाला कूस बदलायची. का गं, असं विचारलं तर म्हणायची, सवय. सवय खरीच होती. आत्या सव्वीस वर्षं एका हॅचरीत मशीन सांभाळत होती, आणि मशीनमधली अंडी दर तासाला कुशीवर वळवावी लागतात, नाहीतर आतला जीव कवचाला चिकटून बसतो. हॅचरीत येणारे-जाणारे तिला भिंगरी म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही असावं.

हॅचरी म्हणजे कोंबडीची अंडी यंत्रात उबवून पिल्लं काढायचा कारखाना. कारखाना हा शब्द जरा मोठाच झाला. पत्र्याचं छप्पर असलेली एक लांबलचक शेड, तिच्यात भिंतीएवढी दोन मोठी मशीनं, शेजारच्या खोलीत एक छोटं मशीन, मागे जनरेटर आणि दाराशी मालकांचं टेबल. अंडी मोठ्या मशीनमध्ये अठरा दिवस राहायची, मग छोट्यात जायची, आणि एकविसाव्या दिवशी कवचं फुटायची. पिल्लं वाळली की शंभर-शंभरच्या खोक्यांत भरायची, आणि त्याच दिवशी फार्मवाले येऊन ती घेऊन जायचे. आठवड्याला एक लॉट आत, एक लॉट बाहेर. मशीनच्या काचेआड तापमानाचा आकडा दिसायचा, साडेनव्याण्णव फॅरनहाइट, पण आत्याचा त्या आकड्यावर काडीचा विश्वास नव्हता. ती दार उघडून मधल्या ट्रेमधलं एक अंडं काढायची, डोळा मिटून पापणीला टेकवायची आणि सांगायची, अर्धा अंश कमी आहे, किंवा ठीक आहे. मालकांनी एकदा बाहेरून मेकॅनिक बोलावून तिची परीक्षा घेतली. मशीनचा आकडा चुकीचा निघाला आणि मेकॅनिकला चहा न पिताच जावं लागलं.

मालक माणूस वाईट नव्हता. हॅचरी त्यांना वडलांकडून मिळाली होती आणि कोंबडीचा वास त्यांना जन्मात सोसला नव्हता. ते नाकाला रुमाल लावून टेबलाशी बसायचे आणि आतलं सगळं आत्यावर सोडायचे. ती त्यांच्याशी फार अदबीने बोलायची आणि शेवटी स्वतःच्या मनाचंच करायची.

मी आत्याकडेच वाढले. माझे आई-वडील लवकर गेले आणि आत्याला मूलबाळ नव्हतं, तेव्हा आम्हा दोघींचं आपसूकच जुळलं. मी आता बंदराजवळच्या इंधनाच्या डेपोत कारकून आहे. जहाजातून तेल आमच्या टाक्यांत येतं, टाक्यांतून टँकरमध्ये जातं, आणि त्या सगळ्याचे कागद माझ्या टेबलावरून जातात. तेलाचा थेंब माझ्या बोटाला कधी लागत नाही, तरी आत्या मी घरी आले की नाक मुरडायची. स्वतःच्या कपड्यांना कसला वास येतो याचा तिला पत्ता नव्हता.

आमच्या देशाच्या जमिनीत तेल नाही. गॅस नाही, आणि कोळसा आहे तो असून नसल्यासारखा. इथे जे जे जळतं ते सगळं दुसऱ्याच्या दारातून विकत आणलेलं असतं, विजेची केंद्रंसुद्धा त्याच तेलावर चालतात. त्यामुळे जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणी कुणावर डोळे वटारले की आमच्या स्वयंपाकघरातला पंखा बंद पडतो. त्या भांडणाशी आमचं देणं ना घेणं. मला या गोष्टीचा फार राग येतो, आणि तो राग काढायचा कुणावर हेही कळत नाही.

आत्याला राग येत नसे, कुतूहल वाटे. शेडमध्ये रेडिओ दिवसभर चालू असायचा. नवा लॉट आत गेला की ती कॅलेंडरवर त्या तारखेभोवती गोल काढायची. बातम्यांत परदेशात तेलाचा भाव चढल्याचं सांगितलं की त्या दिवसाच्या चौकोनात वरच्या दिशेचा बाण, उतरला तर खालच्या दिशेचा. कशासाठी, तर रिकामा हात तिला सहन व्हायचा नाही म्हणून. पण असे बाण काढता काढता तिच्या लक्षात आलं की तिकडे बाण वर गेला की आपल्या पंपावर डिझेल वाढतं ते साधारण तीन आठवड्यांनी. एका संध्याकाळी तिने मला विचारलं, तिकडून जहाज इथे पोचायला किती दिवस लागतात. मी कशात तरी गुंतले होते. वीस-बावीस, असं म्हणून मोकळी झाले.

"म्हणजे एकवीस," ती म्हणाली. "बघ, भावसुद्धा उबवावाच लागतो."

त्या दिवसापासून हा तिचा नियम झाला. तिकडे भाव वाढला की तो जहाजात बसतो आणि एकविसाव्या दिवशी इकडे फुटतो. मी हसले, ऑफिसात सांगितलं, तिथेही सगळे हसले. पण दोन वर्षांत हा नियम तीनदा अगदी दिवसावर खरा ठरला. मग मालक डिझेल भरून ठेवायच्या आधी तिला विचारू लागले, फार्मवाले पिल्लं न्यायला आले की हळूच कॅलेंडरसमोर जाऊन उभे राहू लागले. आत्या चांगलीच भाव खाऊ लागली.

खरं कारण जहाज नव्हतं. डेपोतल्या शिपायालाही ते ठाऊक होतं. बाहेर भाव वाढला तरी सरकार तो पंपावर लगेच वाढू देत नसे. तीन-चार आठवडे झळ स्वतः सोसायची, आणि लोकांचं लक्ष दुसरीकडे गेलं की हळूच वाढवायचं. हे मी आत्याला एका वाक्यात सांगू शकले असते. पण तिचं ते भाव घेऊन येणारं जहाज मला इतकं आवडलं होतं की ते बुडवायचं माझ्या जिवावर आलं. पुढे जे झालं त्यातला माझा वाटा इथून सुरू होतो.

त्या वर्षी तेल महाग होत गेलं, वीज कंपनीने भारनियमन सुरू केलं. सकाळी तीन तास आणि दुपारी तीन तास वीज नाही. तेवढा वेळ जनरेटर चालवायचा, म्हणजे डिझेल जाळायचं. मालकांनी आधी लॉट अर्धे केले. मग एक दिवस रुमाल नाकावरून काढून ते आत्याला म्हणाले की आता हे झेपत नाही, आत आहेत ते दोन लॉट निघाले की शेडला कुलूप लावू.

आत्या घरी आली ती बसलीच नाही. या खोलीतून त्या खोलीत आणि पुन्हा इकडे अशा तिच्या फेऱ्या सुरू झाल्या. तिला पैशाची चिंता होती असं मला वाटलं, म्हणून मी म्हटलं, मी कमावते ना. ती थांबून माझ्याकडे अशी बघू लागली की जणू मी काहीतरी अचाटच बोलले होते. मग म्हणाली की सकाळी उठून मी जायचं कुठे, ते सांग. एकसष्ट वर्षांची बाई, तिला दुसरं काहीच येत नव्हतं, आणि जे येत होतं ते तिच्याइतकं कुणालाच येत नव्हतं.

त्याच आठवड्यात कुठे दूर दोन देशांचं वाजलं आणि तेलाची जहाजं जिथून जातात ती समुद्राची चिंचोळी वाट बंद झाली. रेडिओवर दुसरं काहीच नव्हतं. तिकडचा भाव एका दिवसात इतका चढला की आत्याचा बाण चौकोनातून बाहेर गेला. सोमवारी सकाळी ती मालकांपुढे उभी राहिली आणि म्हणाली की अर्धा नको, पूर्ण लॉट लावू, सहा हजार अंडी. महागाई इकडे पोचेल एकविसाव्या दिवशी, तोवर आपली पिल्लं खोक्यात असतील. बाकीचे हॅचरीवाले घाबरून अंडी लावणार नाहीत, म्हणजे पिल्लांची टंचाई होणार, आणि आपल्याकडे तेवढी सहा हजार. मालकांनी खूप वेळ कॅलेंडरकडे पाहिलं. मग म्हणाले की ठीक आहे बाई, हा लॉट नीट निघाला आणि नीट गेला तर कुलूप लावत नाही. नाही गेला तर पुन्हा विषय काढायचा नाही.

आठ वाजता अंडी मशीनमध्ये गेली. दोन वाजता मी डेपोत नवे दर टाइप करत होते, आणि टाइप करता करता माझे हात थांबले. त्या दिवशी एक तारीख होती. सरकारच्या तिजोरीत झळ सोसायला काही उरलं नव्हतं, आणि एक तारखेपासून पंपावरचा भाव रोज बदलणार, बाहेर जसा असेल तसा त्याच दिवशी, असं परिपत्रक आमच्याकडे येऊन आठ दिवस झाले होते. मी स्वतःच ते टाचणी लावून फायलीत ठेवलं होतं. आत्याचं कॅलेंडर माझ्या डोक्यात त्या क्षणी आलंच नव्हतं. ऑफिसात आपण माणूस नसतो, टाचणी असतो.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून धावत हॅचरीत गेले. आत्या मशीनच्या दाराशी होती.

"आत्या, डिझेल वाढलं. आजच."

"आज कसं वाढेल? अजून जहाज निघालंसुद्धा नाही."

"आता जहाजाची वाट बघत नाहीत. तिकडे वाढलं की इकडे त्याच दिवशी वाढणार. नवा नियम आहे."

"तुला कधी कळलं?"

मी खोटं बोलू शकले असते. "आठ दिवस झाले," म्हटलं.

तास झाला होता, तिने मशीनचा दांडा ओढून ट्रे दुसऱ्या कुशीवर वळवले. तिने मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मालकांनी दारातूनच विचारलं की अंडी परत बाहेर काढता येतील का, खाऊन तरी संपतील. आत्या म्हणाली, सहा तास ऊब लागलीय, आता नाही येणार. आत सुरुवात झाली होती. काढली असती तर फेकूनच द्यावी लागली असती.

मग जे दिवस आले ते आठवले तरी मला पाय हलवत बसावंसं वाटतं. डिझेल रोज वाढत होतं. दुसऱ्याच दिवशी पंपांवर मोजून डबे द्यायला लागले, आणि हॅचरीच्या वाट्याला जेमतेम अर्धा वेळ जनरेटर चालेल एवढं येऊ लागलं. उरलेला अर्धा वेळ मशीनमध्ये ना हीटर, ना पंखा. भाची डेपोत, तरी आत्याने माझ्याकडे एक डबासुद्धा मागितला नाही. मागितला असता तर मी काय केलं असतं हे मलाही सांगता येणार नाही, म्हणून तिने मागितला नाही हे तिचे माझ्यावर उपकारच म्हणायचे.

तिने दुसरीच शक्कल लढवली. मशीनमध्ये आधीचे दोन अर्धे लॉट होते, एक आठवड्याचा आणि एक दोन आठवड्यांचा. पिल्लू कवचात वाढू लागलं की ते स्वतः गरमी टाकतं, आणि शेवटच्या दिवसांत तर इतकी टाकतं की मशीनला उलट थंड हवा द्यावी लागते. आत्याने सगळे ट्रे बाहेर ओढले आणि नव्याने लावले. एक ट्रे मोठ्या अंड्यांचा, त्याखाली एक नव्यांचा, पुन्हा एक मोठ्यांचा. थोरली धाकट्यांना सांभाळतील, म्हणाली. मग दाराच्या फटी जुन्या पोत्यांनी बुजवल्या, आणि वीज गेली की जनरेटर लगेच सुरू करायच्या ऐवजी ती पापणीला अंडं लावून उभी राहायची. अगदी नाइलाज झाला की मगच म्हणायची, करा सुरू. सकाळच्या तीन तासांतला दीड तास ती असा काढायची. डोळ्यांत तेल घालून म्हणतात ना, तेवढं एक तेल तिच्याकडे फुकट होतं.

घरी आली तरी ती घरी नसायची. जेवता जेवता उठायची, चप्पल घालून दारापर्यंत जायची, परत यायची. हाताला लागेल ती वस्तू पापणीला टेकवायची. चहाचा कप, इस्त्री केलेला माझा कुर्ता, एकदा तर मी वाचत बसले होते तर माझं कपाळ. म्हणाली, ठीक आहे. मी चिडून म्हटलं की मी अंडं नाही. त्यावर ती हसली नाही, आणि मग माझीच मला लाज वाटली.

दोन आठवड्यांचा लॉट चौथ्या दिवशी छोट्या मशीनमध्ये गेला, फुटला, आणि पिल्लं नेहमीसारखी विकली गेली. त्यानंतर मधला लॉट निघाला. या वेळी दोन फार्मवाले आले, तिसरा आला नाही. आलेल्यांतल्या एकाने सांगितली होती त्याच्या निम्मीच खोकी उचलली आणि बाकीची दुसऱ्याच्या गळ्यात मारली. माझ्या मनात तेव्हा पाल चुकचुकली. मी आत्याला म्हटलंही, पण ती मशीनमधून मान बाहेर काढायला तयार नव्हती. आपले सहा हजार आता चौदा दिवसांचे झाले, आता त्यांना थोरल्यांची गरज नाही, एवढंच तिने सांगितलं. तिला डिझेल दिसत होतं. ते समोरून येणारं संकट होतं, आणि त्याच्याशी ती दोन हात करत होती.

पंधराव्या दिवसापासून खेळ उलटला. आता वीज गेली की गारठ्याची भीती नव्हती, गुदमरण्याची होती. सहा हजार जीव कोंडलेल्या कपाटात एकमेकांना भाजून काढतील अशी गरमी. आत्याने बुजवलेली पोती ओढून काढली, दारं सताड उघडली, आणि दुपारच्या तीन तासांत आम्ही खोक्यांचे पुठ्ठे घेऊन वारा घालू लागलो. मी दुपारची रजा घेत होते, आणि त्याचं कारण ऑफिसात दर वेळी नवीन सांगत होते. तिसऱ्या दिवशी मालकही आत आले. रुमाल खिशात घातला, पुठ्ठा उचलला आणि आमच्या रांगेत उभे राहिले. घामाने भिजलेले ते मला म्हणाले की वडील असताना मी इथवर आत कधी पाय ठेवला नव्हता. वास येतो का हो, मी विचारलं. येतो की, म्हणाले, पण इतका वाईट नाही.

अठराव्या दिवशी अंडी छोट्या मशीनमध्ये गेली, खचाखच. विसाव्या दिवशी दुपारी आत्याने मला कान लावायला सांगितलं. आतून बारीक टकटक येत होती, सगळीकडून. आत्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, ती फक्त मोजायच्या तयारीत होती.

एकविसाव्या दिवशी सकाळी पाच हजार शंभर पिल्लं जिवंत निघाली. अर्ध्या डिझेलवर. एवढी तर चांगल्या दिवसांतही निघायची नाहीत कधी कधी. मालकांनी एक पिल्लू उचलून तळहातावर घेतलं, आणि मला वाटतं तेही त्यांनी पहिल्यांदाच केलं असावं.

"बाई, कुलूप लावत नाही," ते म्हणाले.

दुपारपर्यंत एक्कावन्न खोकी भरून दाराशी रचून ठेवली. फार्मवाले एरवी अकरापासून घिरट्या घालायचे. बारा वाजले, दोन वाजले, रस्त्यावर कुणी नाही. मालकांनी फोन लावायला घेतले. पहिला म्हणाला, पुढच्या आठवड्यात बघू. दुसऱ्याने उचललाच नाही. तिसऱ्याने सरळ सांगितलं की बाबा रे, खाद्य महागलं, कारण मका ट्रकने येतो, ट्रकला डिझेल लागतं. माझी मोठी झालेली कोंबडीच मला परवडेना, नवी पिल्लं घेऊन मी काय करू. मालक एकेक फोन ठेवत गेले आणि त्यांचा आवाज बसत गेला. आत्या खोक्यांच्या भोवती फिरत होती. झाकणांच्या भोकांतून हवा जाते आहे ना ते बघत, वरचं खोकं खाली, खालचं वर करत.

मला आता सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि दिसून काही उपयोग नव्हता. डिझेलचा भाव एकाच दारातून येईल असं आम्ही धरून चाललो होतो. ते दार आत्याने एकवीस दिवस पाठ लावून बंद ठेवलं. तो भाव खाद्यातून, ट्रकमधून, गिऱ्हाइकाच्या खिशातून फिरून मागच्या दाराने केव्हाच आत येऊन बसला होता. नियमात आत्याची चूक झाली होती, पण तिने कष्टांत कुठे चूक केली हे मला कुणी दाखवून द्यावं. मला रडू येत होतं ते त्याच्यामुळे.

संध्याकाळी एक टेम्पोवाला येऊन अकरा खोकी घेऊन गेला, देईल त्या भावाला. चाळीस राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत्याबरोबरच हॅचरीत गेले. शेडच्या बाहेरच चिवचिवाट ऐकू येत होता, आणि तो कालच्यापेक्षा वेगळा होता, जास्त वरच्या पट्टीतला, थांबतच नव्हता. मालक आमच्या आधी आले होते. टेबलाशी रिकामी पोती ठेवलेली होती. न विकलेल्या पिल्लांचं हॅचरीत काय करतात हे मला ठाऊक होतं, आत्यालाही होतं, पण तिच्या शेडमध्ये तशी वेळ कधी आली नव्हती. मालक तिच्याकडे न बघता म्हणाले की बाई, मला बोलायला लावू नका. मग ते बाहेर जाऊन रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले, आमच्याकडे पाठ करून.

आत्याने पोत्यांकडे पाहिलं, आणि ती उचलून मशीनच्या मागे टाकली. मग एक खोकं उघडलं. पिल्लं एकमेकांवर चढत होती, चोची उघडून. तिने एक हातात घेतलं, दुसरं घेतलं, परत ठेवलं. पापणीला लावलं, पण त्यावरून तिला काही सांगता येईना. ती माझ्याकडे वळली तेव्हा तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा होता. ती घाबरली होती.

"यांना आता काय करायचं असतं गं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. सव्वीस वर्षांत तिने लाखो पिल्लं काढली असतील, पण प्रत्येक पिल्लू पहिल्याच दिवशी खोक्यात बसून गेलं होतं. दुसऱ्या दिवसाचं पिल्लू तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

तिने मालकांच्या टेबलावरचा फोन उचलला आणि ज्याने काल सरळ सांगितलं होतं त्या फार्मवाल्याला लावला. त्याला वाटलं विकायलाच केलाय, त्याने आधीच हात जोडले. ती म्हणाली की नाही हो, घेऊ नका, फक्त सांगा. दोन दिवसांच्या पिल्लाला काय लागतं? भिंगरीबाई आपली थट्टा करतात की काय असं त्याला वाटलं असेल. मग त्याचा आवाज मलाही ऐकू आला, इतका तो सावकाश बोलत होता.

"पाणी पाजायचं, चोच बुडवून. बारीक भरडा टाकायचा. ते जमेल हो कसंही. पण पहिले दहा-बारा दिवस त्यांना ऊब लागते, बाई. रात्रंदिवस. माझ्याकडे शेगडीला गॅस नाही, नाहीतर मी काय तुम्हाला नाही म्हटलं असतं?"

आत्याने फोन ठेवला. चाळीस खोक्यांकडे पाहिलं, मग रिकाम्या पडलेल्या मोठ्या मशीनकडे.

"ऊबच ना," ती म्हणाली. "तेवढंच तर येतं मला."

तिने मशीनची दोन्ही दारं उघडली आणि मला पहिलं खोकं आणायला सांगितलं. घड्याळात पावणेनऊ वाजले होते. नऊला वीज जाणार होती, आणि जनरेटरमध्ये किती थोडं डिझेल उरलं आहे हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.